ब्रिटनची सरकारी पेन्शन: राहिलेली वर्षं विकत घ्यावीत का?

वहिनींनी चेकबुक काढूनच ठेवलं होतं. चहा अजून उकळत होता, लॅपटॉप उघडायचा होता आणि टेबलावर चिवड्याच्या डब्याशेजारी चेकबुक, त्यावर पेन. कुणा मैत्रिणीने सांगितलं होतं, "मागची राहिलेली वर्षं भरून टाक, पेन्शन वाढते." वहिनींनी बोटांवर हिशेब केला होता. सासूबाईंच्या आजारपणात २०२१ ते २०२४ त्या नाशिकला होत्या. म्हणजे तीन वर्षं पूर्ण गेली, चौथं अर्धवट. सगळे मिळून तीन हजार शंभर पौंडांच्या आसपास.

"तुम्ही म्हणाल तर आत्ता लिहिते चेक, भाऊजी."

मी म्हटलं, "आधी चहा."

मैत्रिणीचं तसं काही चुकलं नव्हतं. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनमध्ये राहिलेली वर्षं खरोखरच पैसे देऊन भरता येतात, आणि ज्याला त्याचा उपयोग आहे त्याच्यासाठी इतका स्वस्त सौदा दुसरीकडे मिळणं कठीण. पण पैसे भरणं ही यातली शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या गाळल्या की माणूस फुकट मिळणारं वर्ष विकत घेतो, नाहीतर ज्याने पेन्शनमध्ये एका पेनीचीही भर पडणार नाही असं वर्ष घेऊन बसतो. हा लेख त्या आधीच्या पायऱ्यांबद्दल आहे. लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅमकडे राहून साठीच्या आसपास आलेल्यांसाठी, आणि तिकडे नोकरी करून पुण्या-मुंबईला परतलेल्यांसाठीही. दुसऱ्या मंडळींची एक वेगळीच गोम आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

पस्तीस भागांची भाकरी

पहिला गैरसमज काढून टाकू. पगारातून कापला जाणारा नॅशनल इन्शुरन्स म्हणजे आपला पीएफ नव्हे. तुमच्या नावाने कुठे रक्कम साठत नाही, तिच्यावर व्याज चढत नाही. आज काम करणाऱ्यांचे पैसे आज निवृत्त असलेल्यांना जातात. तुमच्या नावावर साठतात ती फक्त वर्षं. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपतं. त्या वर्षात पुरेसं भरलं गेलं, तर नोंदीत ते वर्ष 'पूर्ण' धरलं जातं. इथले जुने इंग्रज शेजारी अजूनही याला 'स्टँप भरणं' म्हणतात, कारण पूर्वी मालक खरंच प्रत्येकाच्या कार्डावर आठवड्याचं तिकीट चिकटवत असे.

६ एप्रिल २०१६ पासून नवी पद्धत आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर पेन्शनच्या वयाला पोचलेल्या सगळ्यांना, म्हणजे ६ एप्रिल १९५१ ला किंवा नंतर जन्मलेले पुरुष आणि ६ एप्रिल १९५३ ला किंवा नंतर जन्मलेल्या स्त्रिया यांना, ती लागू आहे. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात. १० पेक्षा कमी असतील तर काहीच मिळत नाही. २०२६-२७ साली पूर्ण पेन्शन आहे आठवड्याला २४१.३० पौंड. भाकरीचे पस्तीस तुकडे करा. एक तुकडा, म्हणजे एक वर्ष, आठवड्याला साधारण ६.८९ पौंडांचा, वर्षाला ३५८ पौंडांचा. आणि हा तुकडा दर एप्रिलला फुगतो. महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतला जो आकडा मोठा त्याने पेन्शन वाढते. यालाच 'ट्रिपल लॉक' म्हणतात. राजकारण्यांना तो झेपत नाही आणि सोडवतही नाही.

एक वर्ष विकत घेण्याला 'क्लास ३' भरणं म्हणतात. २०२६-२७ चा दर आठवड्याला १८.४० पौंड आहे, वर्षाचे ९५६.८० पौंड. नुकत्याच सरलेल्या दोन वर्षांची भरपाई त्या-त्या वर्षाच्या जुन्या दराने होते, त्याहून मागच्या वर्षांना चालू दर लागतो. म्हणजे ९०७ ते ९५७ पौंडांत कुठेतरी.

आता साधा भागाकार. ९५७ द्यायचे आणि दरसाल ३५८ घ्यायचे. पावणेतीन वर्षांत मुद्दल वसूल, त्यानंतर जगाल तितकी वर्षं निव्वळ मिळकत, तीही वाढती. पेन्शनवर २० टक्के आयकर बसत असेल तर वसुलीला सव्वातीन-साडेतीन वर्षं लागतील, बस. खासगी विमा कंपनीकडे ९५७ पौंड घेऊन गेलात आणि 'मरेपर्यंत वर्षाला ३५८ द्या' म्हणालात, तर समोरचा माणूस हसेल.

कराचं निघालंच आहे म्हणून सांगतो. पूर्ण पेन्शन वर्षाला १२,५४७.६० पौंड होते आणि करमुक्त मर्यादा १२,५७० वर गोठलेली आहे. मधे बावीस पौंडांची फट उरली. ज्याला सरकारी पेन्शनशिवाय दुसरीही पेन्शन आहे, त्याने विकत घेतलेलं वर्ष करासहितच मोजावं.

आधी फुकटचं काय आहे ते बघा

चहा झाल्यावर वहिनींच्या फोनवर कोड आला, तो टाकून सरकारी संकेतस्थळावर आत गेलो. तिथे दोन पानं बघायची असतात आणि बहुतेक लोक पहिलंच बघतात. पहिलं पान अंदाजाचं: तुम्हाला किती पेन्शन मिळेल. दुसरं नॅशनल इन्शुरन्सच्या नोंदीचं: एकेक करवर्ष, त्यापुढे 'पूर्ण' किंवा 'पूर्ण नाही'. खरी गोष्ट दुसऱ्या पानावर असते.

वहिनींच्या नोंदीत २२ वर्षं पूर्ण दिसत होती. २००० साली त्या शाळेच्या किचनमध्ये लागल्या, तेव्हापासून नाशिकला जाईपर्यंतची २१, आणि परत आल्यावरचं २०२५-२६. त्यापुढे २०२१ ते २०२४ ची ती तीन रिकामी वर्षं होती. मी मात्र पान वर सरकवत मागे नेलं. १९९२-९३ पूर्ण नाही. १९९३-९४ पूर्ण नाही. असं थेट १९९९-२००० पर्यंत.

"तेव्हा मी घरीच होते हो. मुलं लहान होती."

"चाइल्ड बेनिफिट कुणाच्या नावाने यायचं?"

"माझ्याच. पोस्टात जाऊन आणायचे मी दर मंगळवारी."

इथे खरा खजिना होता. मुलं वाढवणाऱ्या आईची पेन्शन बुडू नये म्हणून १९७८ ते २०१० या काळात 'होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन' नावाची सोय होती. मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत ज्याच्या नावाने चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) यायचं, त्याची पूर्ण करवर्षं सांभाळली जात. आता पेन्शन ठरवताना अशी जास्तीत जास्त २२ वर्षं पूर्ण वर्षांमध्ये धरली जातात. गोंधळ असा झाला की मे २००० च्या आधी चाइल्ड बेनिफिटच्या फॉर्मवर नॅशनल इन्शुरन्स नंबर लिहिणं सक्तीचं नव्हतं. ज्यांनी तो लिहिला नाही त्यांचं बेनिफिट आलं, पण वर्षं नोंदीत चढलीच नाहीत. असे कितीतरी जणांचे, मुख्यतः बायकांचे, हिशेब कच्चे राहिले. चूक उघड झाल्यावर २०२३ च्या शरद ऋतूपासून सरकारने पत्रं पाठवायला सुरुवात केली. पत्र आलं नसलं तरी स्वतःहून अर्ज करता येतो, ऑनलाइन किंवा कागदावर. त्याला एक पैसा पडत नाही.

मुलगा मार्च १९९२ चा. म्हणजे १९९२-९३ पासूनची आठ वर्षं वहिनींची हक्काची. आठ तुकडे, आठवड्याला सुमारे ५५ पौंड, वर्षाला २,८०० पौंडांहून जास्त. आणि त्या निघाल्या होत्या तीन हजार देऊन चार वर्षं घ्यायला.

२०१० नंतर नियम बदलला आणि सोय बारा वर्षांखालच्या मुलांपुरती झाली, पण आता ती सरळ 'क्रेडिट' म्हणून वर्षात जमा होते. क्रेडिट म्हणजे न भरता मिळालेला स्टँप. बेकारभत्ता, आजारपणाचे काही भत्ते, युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता, यांवर असताना ते बहुधा आपोआप लागतं. मागून घ्यावी लागतात ती दोन क्रेडिटं, आणि आपल्या घरांमध्ये ती दोन्ही हमखास सुटतात.

एक, कुणा आजारी किंवा अपंग माणसाची आठवड्याला निदान वीस तास शुश्रूषा करणाऱ्याचं. त्या माणसाला ठरावीक भत्ता मिळत असला की झालं. पण ही शुश्रूषा ब्रिटनमधली हवी. वहिनींनी नाशिकला सासूबाईंचं तीन वर्षं केलं, ते या खात्यात बसत नाही.

दुसरं आजी-आजोबांचं. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई नोकरीला जातात आणि बारा वर्षांखालच्या नातवंडाला आजी सांभाळते. नोकरी करणाऱ्या आईला स्वतःचं वर्ष पगारातून मिळतच असतं, त्यामुळे चाइल्ड बेनिफिटसोबत आलेलं तिचं क्रेडिट वाया जात असतं. ते आजीच्या नावावर करून घेता येतं. करवर्ष संपल्यावर ३१ ऑक्टोबरनंतर अर्ज करायचा, त्यावर आई-बापाची सही लागते. आजी पेन्शनच्या वयाच्या आतली आणि ब्रिटनमध्ये राहणारी हवी. सहा महिन्यांच्या व्हिसावर बाळंतपणाला आलेल्या आजीचं काम कितीही मोलाचं असलं तरी तिला हे मिळत नाही. पण इथेच तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या, साठीत नोकरी सोडून नातवंडांत रमलेल्या कितीतरी आज्या आहेत. त्यांना असा अर्ज असतो हेच माहीत नाही.

मग, तुम्ही तसेही पोचणार आहात का

पहिल्या पानावरच्या अंदाजात दोन आकडे असतात, एक आजवरच्या नोंदीवर आणि दुसरा 'याच पद्धतीने पुढे भरत राहिलात तर'. दुसरा आकडा पूर्ण पेन्शनला टेकत असेल आणि तुम्ही खरंच नोकरी करत राहणार असाल, तर मागचं भोक बुजवायची गरजच नाही. पूर्ण पेन्शनचा आकडा गाठल्यावर आणखी एक वर्ष काहीच वाढवत नाही. अशा जादा वर्षाचे पैसे परत मागायला गेलात तर पुढे पत्रव्यवहाराचा डोंगर.

पेन्शनचं वय सध्या ६६ वरून ६७ कडे सरकतंय, एप्रिल २०२६ पासून टप्प्याटप्प्याने. मार्च १९६१ नंतर जन्मलेल्यांना, निदान साठच्या दशकातल्यांना, ६७ च. वहिनी फेब्रुवारी १९६२ च्या, म्हणजे त्यांची पेन्शन फेब्रुवारी २०२९ मध्ये सुरू होणार. इथे एक बारीक खुंटी आहे: ज्या करवर्षात तुम्ही त्या वयाला पोचता, ते वर्ष धरलं जात नाही. त्यामुळे वहिनींची मोजता येणारी पुढची वर्षं दोनच, २०२६-२७ आणि २०२७-२८. शाळेच्या किचनमध्ये त्या तोवर आहेतच.

बेरीज मी चिवड्याच्या कागदावर केली. नोंदीतली २२, मुलांची आठ, म्हणजे ३०. पुढची दोन, ३२. राहिली तीन.

आता स्वस्तातलं वर्ष शोधायचं. अर्धवट भरलेलं वर्ष नेहमी आधी बघावं, कारण तिथे फक्त उरलेल्या आठवड्यांचे पैसे पडतात. वहिनी जुलै २०२४ मध्ये परतल्या आणि सप्टेंबरला शाळा उघडल्यावर कामाला लागल्या. पगार अर्धवेळेचा, थोडका. नोकरदाराचं वर्ष खरं तर कॅलेंडरच्या आठवड्यांवर मोजत नाहीत. वर्षभरात मिळालेल्या पगाराने किमान मर्यादेचे किती आठवडे भरतात ते बघतात. म्हणून मोठ्या पगाराच्या माणसाचं वर्ष चार महिन्यांच्या नोकरीतही पूर्ण होऊ शकतं. वहिनींना १३ आठवडे कमी पडत होते. २०२४-२५ चा दर १७.४५ पौंड, म्हणजे २२६.८५ पौंडांत अख्खं वर्ष. ९५७ ला मिळणारा तुकडाच इथे सव्वादोनशेला.

उरली दोन. रिकामी तीन होती, पण लागणार दोनच. तिसऱ्याला हात लावायचा नाही.

त्या किमान मर्यादेविषयी एक पोटतिडकीची गोष्ट सांगू द्या. २०२५-२६ साली ती आठवड्याला १२५ पौंड होती. तेवढा पगार एका नोकरीत मिळाला की, प्रत्यक्ष नॅशनल इन्शुरन्स कापला गेला नाही तरी, वर्ष मोजलं जातं. पण हे 'एका नोकरीत' फार महत्त्वाचं आहे. सकाळी एका ऑफिसची सफाई शंभर पौंडांत, संध्याकाळी दुकानात आणखी शंभर, अशा बाईचे दोनशे होतात, आणि नोंदीत मात्र शून्य. दोन नोकऱ्यांची बेरीज केली जात नाही. मला हा नियम कधीच पटलेला नाही. पण नियम आहे, आणि त्याचा फटका कुणाला बसतो हे सांगायला नको.

घरून डबे देणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्यांचं तेवढं बरं आहे. स्वयंरोजगार म्हणून नोंदणी असेल आणि नफा ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल, तर त्यांना 'क्लास २' स्वतःहून भरता येतो. २०२६-२७ चा दर आठवड्याला ३.६५ पौंड, वर्षाचे १८९.८० पौंड. तुकडा तोच, किंमत पाचव्या हिश्शाची. डब्यांची कमाई 'किरकोळ आहे, कशाला कळवा' म्हणून लपवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

चाळीस वर्षं भरूनही अपुरी

वहिनींचं प्रकरण सरळ होतं. डॉक्टर मंडळींचं तसं नसतं. ओळखीतले एक डॉक्टर एनएचएसमधून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून, साठीला निवृत्त झाले. आयुष्यभर नोकरी, एक वर्ष चुकलेलं नाही, नोंदीत पस्तिसाहून अधिक वर्षं, आणि अंदाजात पूर्ण पेन्शनपेक्षा बराच कमी आकडा. ते चिडलेच. त्यांना वाटलं कुणीतरी घोळ घातलाय.

घोळ नव्हता. २०१६ पर्यंत एनएचएस, शाळा, नगरपालिका आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या यांच्या पेन्शन योजना 'कॉन्ट्रॅक्टेड आउट' होत्या. म्हणजे नोकरदार आणि मालक दोघेही नॅशनल इन्शुरन्स कमी दराने भरत, आणि त्या बदल्यात सरकारी पेन्शनचा एक भाग सोडून देत. तो भाग नोकरीच्या पेन्शनमधून मिळणार हे गृहीत असे. एप्रिल २०१६ ला प्रत्येकाचा हिशेब दोन पद्धतींनी झाला, जुन्या नियमांनी आणि नव्या नियमांनी, आणि जो आकडा मोठा निघाला तो त्याचा आरंभाचा आकडा ठरला. नव्या पद्धतीच्या आकड्यातून त्या सोडलेल्या भागाची वजावट झालेली होती. म्हणून पस्तीस वर्षं असूनही आकडा अपुरा.

यात एक चांगली बातमी दडलेली आहे. २०१६ नंतरचं प्रत्येक वर्ष, मग आधी कितीही वर्षं असोत, आरंभाच्या आकड्यात एक पूर्ण तुकडा घालतं, पूर्ण पेन्शनला पोचेपर्यंत. डॉक्टर साठीला निवृत्त झाले आणि पेन्शनचं वय ६६. मधली वर्षं रिकामी. त्यांच्यासाठी ही रिकामी वर्षं विकत घेणं म्हणजे अगदी नेमकं औषध. 'माझी पस्तीस झाली, मला काय करायचंय' असं म्हणून ते उठून गेले असते, तर दरसाल दीड-दोन हजार पौंडांना मुकले असते.

किती मागे जाता येतं? साधारण सहा वर्षं. ५ एप्रिल २०२७ पर्यंत २०२०-२१ भरता येईल, त्यानंतर ते दार बंद. २०२१-२२ ला ५ एप्रिल २०२८ पर्यंत मुदत. पूर्वी एक मोठी सवलत होती, २००६ पासूनची वर्षं भरायची. ती ५ एप्रिल २०२५ ला संपली. तिच्याबद्दलचे जुने व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर अजून फिरतात, बघू नका.

कुणी घेऊ नये? प्रकृती फार ढासळली असेल, तर जरा थांबून विचार करावा. माणूस गेल्यावर भरलेले पैसे परत मिळत नाहीत आणि नवी पेन्शन, किरकोळ अपवाद सोडल्यास, जोडीदाराला वारशाने जात नाही. ही मुदतठेव नव्हे. तसंच ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न आणि बचत फारशी नाही, त्याने आधी 'पेन्शन क्रेडिट' बघावं. हा वेगळा भत्ता एकट्या माणसाचं उत्पन्न ठरलेल्या पातळीपर्यंत आणून देतो, २०२५-२६ साली ती आठवड्याला २२७.१० पौंड होती. विकत घेतलेल्या सात पौंडांनी हा भत्ता सात पौंडांनी कमी झाला, तर हातात काय पडलं?

आणि पुण्याला परतायचं असेल तर

आता ती गोम. ब्रिटनची पेन्शन जगात कुठेही घेता येते, भारतातही. पण ती दरवर्षी वाढते ठरावीक देशांतच. युरोपातले बहुतेक देश, अमेरिका, फिलिपीन्स, मॉरिशस इथे वाढते. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे वाढत नाही. जिथे त्या देशाशी तसा करार किंवा कायद्याचं बंधन आहे तिथेच वाढ, हा सरकारचा पवित्रा. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अॅनेट कार्सन यांनी याविरुद्ध दाद मागितली. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) आणि २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात त्या हरल्या.

हे किती बोचतं ते एका उदाहरणात कळेल. दोघे मित्र २०१६-१७ साली पूर्ण पेन्शनवर निवृत्त झाले. तेव्हा ती १५५.६५ पौंड होती. एक लंडनमध्येच हॅरोला राहिला, एक पुण्यात कोथरूडला गेला. २०२६-२७ मध्ये हॅरोवाल्याला आठवड्याला २४१.३० मिळतात, कोथरूडवाल्याला अजूनही १५५.६५. रुपया घसरल्यामुळे कोथरूडला ते तेवढं जाणवत नाही, पण पंचाऐंशी पौंडांची दरी ही दरीच. कोथरूडचा मित्र ब्रिटनला चार महिने राहायला आला, तर तेवढ्या काळापुरता चालू दर मागू शकतो. परत गेला की पुन्हा जुना आकडा. कायमचा ब्रिटनला परतला तर मात्र पूर्ण वाढीसकट मिळते.

म्हणून वर्षं विकत घेऊ नयेत का? तसं नाही. गोठलेल्या तुकड्यानेही पावणेतीन वर्षांत पैसे वसूल होतातच. फक्त 'दरसाल वाढती' हा भाग हिशेबातून वगळायचा.

भारतात बसून भरणाऱ्यांसाठी वारं बदललं आहे. ब्रिटनमध्ये काही वर्षं काम करून परतलेली, भारतातही नोकरी करणारी मंडळी, खास करून आयटीतली, आजवर क्लास २ भरत. परदेशातून वर्षाला १८२ पौंडांत एक वर्ष, म्हणजे जवळजवळ भेटच. ६ एप्रिल २०२६ पासूनच्या परदेशातल्या काळासाठी तो मार्ग बंद झाला. पुढच्या वर्षांना महागडा क्लास ३ च, आणि तोही ज्यांनी आधी ब्रिटनमध्ये दहा वर्षं राहून किंवा भरून काढली आहेत त्यांना. पूर्वी तीन वर्षं पुरत. त्याआधीच्या परदेशातल्या वर्षांना जुनेच नियम आहेत, सहा वर्षांच्या मुदतीत. ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी सीएफ८३ हा फॉर्म आधी भरावा. भारतीय कंपनीने ऑनसाइट पाठवलेल्यांनी आणखी एक बघावं: पहिल्या ५२ आठवड्यांचा नॅशनल इन्शुरन्स माफ असल्यामुळे ते वर्ष नोंदीत नसतंच. सात वर्षं राहिलो म्हणणाऱ्याची सहाच भरतात, ती अशी.

वहिनींच्या टेबलावर चिवडा संपत आला होता. ठरलं ते असं: आधी मुलांच्या आठ वर्षांचा अर्ज. त्याचं उत्तर यायला महिने लागतात, लागू देत, कारण २०२१-२२ ची मुदत २०२८ पर्यंत आहे. उत्तर आल्यावर फ्यूचर पेन्शन सेंटरला फोन करून विचारायचं, 'अमुक वर्ष भरलं तर माझी पेन्शन नेमकी किती वाढेल?' आकडा ऐकायचा, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख डायरीत लिहायची. मग २०२४-२५ चे २२६.८५, पण ते मात्र ५ एप्रिल २०२७ च्या आत, नाहीतर चालू दर लागेल. आणि मग दोन वर्षांचे १,९१३.६०. एकूण २,१४०.४५ पौंड. त्या तीन तुकड्यांचे दरसाल साधारण १,०७५ मिळतील, म्हणजे दोन वर्षांत वसूल. पैसे भरताना अठरा आकड्यांचा संदर्भ क्रमांक मिळतो. तो चुकला तर पैसे जातात पण वर्ष लागत नाही, म्हणून तो मी मोठ्याने वाचणार आणि वहिनी टाइप करणार, असंही ठरलं.

चेकबुक ड्रॉवरमध्ये गेलं. वहिनी कपबश्या उचलता उचलता म्हणाल्या, "निवृत्त झाल्यावर थंडीचे तीन महिने नाशिकला जायचा विचार आहे. मग माझीही गोठणार का हो?"

घर इथलंच असेल आणि तिकडे नुसतं जाऊन-येऊन असेल तर नाही गोठत. तसं सांगितल्यावर त्यांनी बशीतला शेवटचा शेंगदाणा माझ्यापुढे सरकवला आणि मुलगा जन्मला तेव्हाचं चाइल्ड बेनिफिटचं जुनं पुस्तक शोधायला माळ्यावर गेल्या.